सतरा नंबरचा बोअर

९ डिसेंबर

ती. मिस्त्रीकाका आणि काकू,

नमस्कार. ‘पोचल्यावर लगेच पत्र टाक’ असं काकूंनी जीपच्या खिडकीतून तीनदा बजावलं होतं आणि मी तीनदा मान डोलावली होती. त्याला सात आठवडे झाले. कामाचा डोंगर होता, असं लिहिणार होते. पण काकू म्हणतील, तुझं काम डोंगराचंच आहे, नवीन काय सांगतेस! तेव्हा सबब देत नाही. उशीर झाला, रागावू नका.

मी बरी आहे. ऑफिसात आता मला चौथ्या मजल्यावर टेबल दिलंय. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, बाकी काही नाही. दोन हंगाम तुमच्या वर्कशॉपवरच्या खोलीत काढल्यामुळे सवय बिघडलीय. सकाळी थापीचा आवाज आला नाही की जागच येत नाही.

काका, तुम्ही नेहमी विचारायचात, ‘खडेबाई, तांबं तांबं करतेस, पण आहे कुठं? मला तर करडा दगड दिसतो.’ तेव्हा घाईत काहीतरी सांगून निघून जायचे. आता नीट सांगते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तुमच्या त्या वरच्या डोंगराच्या पोटात वितळलेला दगड वर यायला निघाला आणि मध्येच अडकला. थिजता थिजता त्यातलं खदखदतं पाणी बाहेर पडायला वाट शोधू लागलं. त्यानं आजूबाजूचा खडक तडकवला. केसाएवढ्या हजारो भेगा पडल्या, आणि त्या भेगांत पाण्याबरोबर आलेलं तांबं बसलं. तडे गेलेल्या भिंतीला तुम्ही सिमेंटचं पाणी पाजता ना, तसं त्या डोंगराला तांब्याचं पाणी पाजलेलं आहे. म्हणून ते एका जागी सापडत नाही. शंभर किलो दगडात जेमतेम पाऊण किलो. पण डोंगरच तेवढा मोठा!

आणि ते सापडलं, काका. सतरा नंबरच्या बोअरमध्ये सलग एकशे ऐंशी मीटर. बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत ओळीनं लावून वर पाणी शिंपडलं की भिंगातून मोराच्या पिसासारखे निळे-जांभळे ठिपके चमकतात. साहेबांनी ऑफिसात सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. मला बढती मिळाली. टाळ्या चालू होत्या तेव्हा मी बुटांकडे बघत होते. अशा वेळी लाजायला होतं माणसाला.

गेल्या आठवड्यात जीपवाला भेटला. त्याच्याकडून गावचा झरा आटल्याचं कळलं. झऱ्यावरची तुमची नवी टाकी पुरी होऊन तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते म्हणे. वाईट वाटलं. लोक काहीबाही बोलतात असंही तो म्हणाला. मनावर घेऊ नका. झऱ्याचं तोंड फार नाजूक असतं. कधी पाया खणताना बसलेला एखादा धक्काही पाण्याची वाट बदलतो, कधी ती आपसूकही बदलते. त्यात कुणाचा दोष नसतो. पाणी परत येईलही.

सोबत काकांना मफलर आणि काकूंच्या गुडघ्याला पट्टा पाठवतेय. पट्टा उलटा बांधू नका, काकू. त्यावर बाण काढलाय.

तुमची,
खडेबाई


२१ जानेवारी

चि. खडेबाईस,

आशीर्वाद. माझं अक्षर म्हणजे ओल्या सिमेंटवरून कोंबडी चालून गेल्यासारखं. एरवी काकूनं लिहिलं असतं, पण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस. मनगट मोडलंय, जुळून येईल.

पाणी आता खालून नदीवरून आणतो. जाऊन-येऊन तासभर लागतो. नदीवर बायका बोलत असतात, ही पोचली की गप्प होतात. म्हणून ही सगळ्यांच्या आधी पहाटे जायला लागली. उतारावर बर्फ होता, दोन्ही हातांत कॅन होते. मी म्हटलं होतं, मी जातो. तर म्हणते, ‘तुम्ही गेलात तर त्या गप्प बसायच्या नाहीत, तोंडावर बोलतील. त्यापेक्षा मी बरी.’

शाळेच्या भिंतीचं काम दुसऱ्या गावच्या मिस्त्रीला दिलं. तीस वर्षांत या गावातली एक चूल माझ्या हाताशिवाय बांधलेली नाही. असो. कुणी वाईट बोललं नाही, फक्त बोलावलं नाही.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पाया खणताना बसलेला धक्का पाण्याची वाट बदलतो, असं तू लिहिलंस. मी काकूला म्हटलं, बघ, पोर शिकलेली आहे, तिनं गोड शब्दांत सांगितलं, पण सांगितलं तेच. काकू म्हणाली, ‘कुणाचा दोष नसतो असंही लिहिलंय तिनं.’ मी म्हटलं, ते मायेनं लिहिलंय.

तुला खरं सांगतो. पायाच्या उजव्या कोपऱ्यात एक दगड आडवा आला होता. पहारीनं हलेना. मग घण घेतला. चार घाव घातले, पाचव्याला फुटला, आणि खालून पोकळ आवाज आला. तेव्हाच घण टाकून झऱ्याचं तोंड बघायला धावलो. पण पाणी वाहत होतं, म्हणून पुढे बांधत गेलो. आता लोक म्हणतात, तडा हळूहळू वाढतो, भिंतीचा वाढतो तसा. मी मिस्त्री आहे, मला ते पटतं.

तुझं पत्र आल्यानंतरच्या सोमवारी घण घेऊन गेलो आणि टाकी फोडली. म्हटलं, तोंड मोकळं केलं तर येईल पाणी. दोन दिवस लागले. मजबूत बांधली होती. दोघं-तिघं बघत उभे होते, कुणी थांब म्हटलं नाही. पाणी काही आलं नाही.

तू दगडातलं जाणतेस म्हणून एकच विचारतो. तो पाचवा घाव होता का? हो की नाही, एवढंच कळव. गोड बोलू नकोस. हो असलं तरी चालेल. एकदा कळलं की माणूस उभा राहतो. कळत नाही तेच आतून कुरतडत राहतं.

मफलर ऊबदार आहे. काकू म्हणते, पट्टा गुडघ्याला छान बसला, पण पुढच्या वेळी आधी विचार, कुठला अवयव मोडणार आहे ते!

तुझा,
काका


१८ एप्रिल

ती. काका,

तुम्ही एका शब्दाचं उत्तर मागितलं होतं. ते आधी लिहिते. नाही.

तो तुमचा घाव नव्हता. पाचवाही नाही, पहिलाही नाही. आज सकाळी मी झऱ्यावर जाऊन तो कोपरा पाहिला. तुम्ही फोडलात तो सुटा धोंडा होता, वरच्या कड्यावरून कधीतरी घरंगळत आलेला. त्याच्याखाली मातीची पोकळी होती, आवाज तिचा. झऱ्याची शीर तिथून पाच हात लांब आहे. आणि तुम्ही पाया सप्टेंबरच्या सुरुवातीला खणलात. त्यानंतर झरा जवळजवळ आठ आठवडे भरून वाहत होता. एवढी साधी गोष्ट मला डिसेंबरातही माहीत होती.

झरा माझ्यामुळे आटला.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सतरा नंबर दोनशे चाळीस मीटरवर गेला होता. तिथं कांडी आली ती दगडाची नव्हती. करडी, साबणासारखी चिकट माती. डोंगर कधीकाळी तिथं सरकला, खडकावर खडक घासून पीठ झालं, त्याची ही माती. आमच्या ऑपरेटरनं मशीन बंद केलं. तुम्ही त्याला ओळखता, दर रविवारी तुमच्याकडे पत्ते खेळायला यायचा तोच. तो म्हणाला, “बाई, ही माती पाणी अडवून बसलीय. गावाचा झरा हिच्यावरच जगत असणार. इथंच थांबू.”

मी म्हटलं, “तांबं वाढत चाललंय. थोडं खाली जाऊ.”

“किती थोडं?”

“तू चालव.”

त्यानं चालवलं. तीन मीटर माती संपली आणि खाली कठीण, तडकलेला खडक लागला, तांब्यानं भरलेला. मशीन गार ठेवायला आम्ही बोअरमध्ये पाणी ओततो, ते वर परत येतं; त्याच क्षणी ते यायचं बंद झालं. आम्ही ओततोय आणि ते परतच येत नाही. ऑपरेटरनं मला बोलावलं. “कान लावा.” मी पाइपला कान लावला. आत पाणी पडत होतं, काका. आमचं ओतलेलं थांबवलं तरी पडतच होतं. एका भांड्यातून दुसऱ्यात कुणी न थांबता ओतत राहावं तसं. तुमच्या झऱ्याचं पाणी त्या मातीच्या पडद्यावर साठून होतं. मी पडद्याला भोक पाडलं आणि ते खालच्या भेगांत निघून चाललं.

“हे आत्ता बुजवायला हवं,” तो म्हणाला.

पुढचे आठ दिवस मी तो बोअर खाली नेत राहिले. ते एकशे ऐंशी मीटर तिथंच मिळाले.

बोअर संपला की तो सिमेंटनं भरून मगच मशीन हलवायचं, असा नियम आहे. आमचं सिमेंट संपलं होतं, बेस कॅम्प दोन दिवस लांब, आणि बर्फ येणार अशी खबर होती. साहेब फोनवर म्हणाले, “बुजवला असं लिही. वसंतात बुजवू. मशीन बर्फात अडकलं तर ते तुझ्या नावावर.” ऑपरेटर म्हणाला, “मी सही करणार नाही.” तेव्हा मी एकटीनं केली. सुंदर अक्षरात लिहिलं मी ते.

त्या संध्याकाळी तुमच्याकडे आले. वर्कशॉपमध्ये टाकीच्या कामातून उरलेल्या चौदा गोणी रचलेल्या होत्या. पूर्ण बोअर भरला नसता, पण त्या पडद्यापाशी बूच मारायला पुरल्या असत्या. मागितल्या असत्या तर तुम्ही विचारलंही नसतं, खांद्यावरून वर आणून दिल्या असत्या. पण गोणी हव्यात म्हणजे बोअर उघडा आहे हे बोलावं लागलं असतं, आणि सतरा नंबरवर मला कुणाचा प्रश्न नको होता. त्या गोणींना वळसा घालून मी जिना चढले. काकूंनी खालून विचारलं, “जेवणार ना गं?” मी म्हटलं, “हो, भूक लागलीय.” आणि जेवलेसुद्धा.

जीपवाल्यानं झऱ्याचं सांगितलं तेव्हा मला अंदाज करावा लागला नाही. तुमच्यावर आळ आलाय हेही त्यानं सांगितलं. मग मी तुम्हाला पत्र लिहायला बसले. त्यातलं धक्क्याचं वाक्य चुकून उतरलेलं नाही, काका. तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं. थेट खोटं नको आणि संशय मात्र तिथंच राहावा, अशा बेतानं लिहिलं. तुम्ही त्याला माया म्हणालात. तुम्ही टाकी फोडलीत ती त्या वाक्यामुळे.

तुमचं पत्र एकोणीस दिवस माझ्या पिशवीत होतं. विसाव्या दिवशी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, “एका खेड्याच्या झऱ्यापायी? आणि सही तर तुझीच आहे.”

“म्हणूनच मी आलेय,” मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही तेव्हा पाणी खात्याकडे लेखी जबाब दिला, बोअरच्या नोंदींसकट. माझी नोकरी गेली, त्याचं मला काही सांगायचं नाही. खात्यानं कंपनीला बोअर बुजवायचा हुकूम केला. रस्ता उघडल्यावर मशीनबरोबर मीही वर आले, पगाराशिवाय, कारण पडदा नेमका किती खोल आहे हे ऑपरेटरला आणि मलाच ठाऊक. तो माझ्याशी फारसं बोलला नाही. पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “सिमेंट पुरेसं आणलंय का या वेळी?”

चार दिवस तळापासून वर भरत आलो. तिसऱ्या दिवशी पाइपला कान लावला तर आत शांत होतं. काल काम संपलं.

झरा मात्र अजून कोरडा आहे. पाणी परत येईल का, ते मला सांगता येत नाही. पडद्यामागे पुन्हा साठायला वर्ष लागेल, दोन लागतील, किंवा पाण्यानं आता दुसरी वाट कायमची धरली असेल. गेल्या वेळी ‘येईलही’ असं लिहिलं होतं मी. आता तसं लिहिणार नाही. नदीवरून गावात नळ आणायचं खात्यानं कंपनीला बजावलंय. तो अजून कागदावर आहे. पाणी येईपर्यंत मी त्यांच्या मागे लागेन.

उद्या सकाळी दहा वाजता शाळेच्या पटांगणात मी हे सगळं गावासमोर सांगणार आहे. नकाशा आणि त्या मातीची कांडी घेऊन येईन. तुम्ही यावं, असं म्हणायचा मला हक्क नाही. पण गावाआधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र ऑपरेटरच्या हाती आत्ता खाली पाठवतेय. प्रत्येक पानावर सही केलीय. उद्या माझी जीभ अडखळली, किंवा पुढे कधी कुणी पुन्हा तुमच्या घणाचं नाव काढलं, तर हे दाखवा.

काकूंच्या हाताबद्दल काय लिहावं ते मला कळत नाही. त्यांना हे पत्र वाचून दाखवा. काही गाळू नका, जेवणाचंही नाही.

माफी मागत नाही. तुम्ही ती देऊन टाकाल, तसा तुमचा स्वभाव आहे, आणि मग मला हलकं वाटेल. तसं वाटायला नको.

तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही.

जिनं झरा आटवला,
ती मी