हळदीच्या पट्ट्या

नौपाडा, ठाणे
रविवार, १७ जानेवारी १९५४

मंदा पत्र पेटीत टाकायला गेली आहे, तेवढ्यात लिहून टाकते. यांनी वर्गणी भरल्यापासून पुण्याच्या एका मास्तरांकडून तिला दर महिन्याला टपालाने प्रयोगाचं पुडकं येतं. या खेपेला, आंबट की साबणासारखं क्षार ते रंग बदलून सांगणाऱ्या निळ्या कागदी पट्ट्या होत्या. मला वाटलं कपटे आहेत. सकाळी आंघोळीच्या बंबात घातले! पोर दुपारपर्यंत शोधत होती आणि मी गप्प. आईने असं करावं?

शेवटी ती माझ्याजवळ आली. "आई, तुझ्या पातळावरचा हळदीचा डाग साबण लागला की लाल का होतो गं?"

"होतो लाल. त्यात काय?"

तिने वहीचा कागद फाडला, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला, पट्ट्या कापल्या. साबणाचं पाणी लावलं, लाल. वर लिंबू पिळलं, पुन्हा पिवळी! हे हातातला पेपर टाकून उठून आले. वीस वर्षं मी तो डाग धुते आहे. लाल का, हे एकदा तरी मनात यावं? माझ्या अकरा वर्षांच्या पोरीच्या आलं.

पाकीट चिकटवायच्या आधी तिचं पत्र मी चोरून वाचलं. "मास्तर, तुमच्या पट्ट्या आईने बंबात घातल्या. राखेत एक निळं टोक सापडलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. सोबत माझ्या पाच पट्ट्या पाठवते. तुमच्या संपल्या तर कळवा, आणखी करून देईन."