तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला मालाड

वेसावे कोळीवाडा,
मार्गशीर्ष संपत आला.

तीर्थस्वरूप कमळबायस,

तुझा धाकटा भाऊ चंदर याचा वाकून नमस्कार. (वाकून असं लिहितो, पण कंबरेमुळे हल्ली अर्ध्यातच थांबतो. राहिलेला अर्धा मनाने घे.) दाजींनाही नमस्कार सांग, ते जागे असतील तेव्हा. आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. तुझे गुडघे, दाजींचा खोकला, कोंबड्या, विहिरीचं पाणी आणि विहिरीकडचा ताड, सगळ्यांची खुशाली कळव. ताडाची आधी कळव.

तू म्हणशील, फेरीबोटीत बसलं की पाच मिनिटांत मढ, मग हा पत्र कसलं लिहीत बसलाय. पण फोनवर तू नुसती हां हां करतेस आणि मागे तुझी मालिका चालू असते. आणि फेरीबोटीचं म्हणशील तर धक्क्यावरची फळी कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं हे मला हल्ली चटकन कळत नाही. (फळ्या जुन्या झाल्यात. पाण्याच्याच रंगाच्या झाल्यात.) शिवाय सहावीपर्यंत शिकलो ते वाया का घालवू? सहावीत मास्तरांनी मला आणि मी मास्तरांना सोडलं, पण तोपर्यंत पत्रलेखन झालं होतं. अक्षरं यावेळी मोठी आली आहेत, ते पेनामुळे.

तर कारण असं, बाय, की यंदा शकुची जागा चुकली.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिलं की मला धीर येतो. माझी बायको गेली तेव्हा तिची राख आपण समुद्रात दिली, आणि समुद्रातले जाळ्याचे खुंट पुन्हा सापडावेत म्हणून बाबा किनाऱ्यावरच्या खुणा धरून ठेवायचे तशी मी त्या जागेची खूण लावून ठेवली. किल्ल्याच्या बुरुजामागून तुझ्या ताडाचं डोकं बरोबर मधोमध वर यावं, आणि मागे वळून पाहिलं की अंधेरीची काळी टेकडी आपल्या देवळाच्या कळसावर बसलेली दिसावी. या दोन रेघा जिथे एकमेकींना भेटतात तिथे शकु. दरवर्षी तिच्या तिथीला मी जातो, फुलं सोडतो, थर्मासमधला दोन चमचे जास्त साखरेचा चहा ओततो (घरी मी तिला इतकी साखर कधी घेऊ दिली नाही, आता काय होणार आहे), आणि वर्षभरातल्या गोष्टी सांगून परत येतो.

पण अंधेरीची टेकडी दर वर्षी आक्रसत चालली होती. आधी एक टॉवर आला, मग त्याचा भाऊ आला. दोघांच्या फटीतून टेकडी दिसायची, एखादी म्हातारी दाराआडून बघते तशी. गेल्या वर्षी त्या फटीतही क्रेन उभी राहिली, तेव्हाच मी ओळखलं की पुढल्या वर्षी आपली वाट लागणार. म्हणून मी शहाणपणा केला. शकुच्या जागेवर बोट थांबवून नवी खूण शोधली. किल्ल्यापलीकडे किनाऱ्यावर एक पांढराशुभ्र कळस दिसला, वर भगवा झेंडा. मला वाटलं, देवीनेच दिला. टॉवर येतील जातील, देऊळ कुठे जाणार आहे? (हे वाक्य लक्षात ठेव.)

तुमचं मढ तसं मला लहानपणापासून स्वप्नासारखंच वाटत आलंय. परवा आमच्या विपुलच्या अक्षताला शाळेतून काहीतरी लिहून न्यायचं होतं. मला म्हणाली, "आजोबा, द्वीपकल्प म्हणजे काय?" मी म्हटलं, तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला मालाड. तिने तसंच लिहिलं. बाईंनी लाल शाईने गोल केला, पण चूक असं लिहिलं नाही. मग मी तिला खिडकीत बसवून सगळं सांगितलं. समोर दिसतं ते बेट वाटतं, पण बेट नाही. जमिनीचं एक लांब बोट आहे, मार्व्याकडून खाली उतरलेलं, आणि त्या बोटाच्या नखावर किल्ला. किल्ला फिरंग्यांनी बांधला, मराठ्यांनी घेतला, मग इंग्रज आले, आता तिथे वायुदलाचे शिपाई कुणाला आत सोडत नाहीत. इतके राजे त्या बुरुजावर उभे राहून समुद्राकडे दुर्बिणी लावून बसले आणि खाली आपले लोक बोंबील वाळवत राहिले. फिरंगी गेला तेव्हाही बोंबील वाळतच होते. कोणी एरंगळच्या चर्चला जातो, कोणी हरबादेवीला, आणि जानेवारीतल्या चर्चच्या जत्रेला सगळेच जातात, कारण जत्रेत खाऊ मिळतो. अक्षताने एवढंच लिहून घेतलं की खाऊ मिळतो.

सांगता सांगता मला आई आठवली. तुझं लग्न होऊन तू बोटीतून पलीकडे गेलीस तेव्हा ती अशी रडली की जणू तुला अरबस्तानात दिली, आणि तुझं छप्पर तर आमच्या ओट्यावरून दिसत होतं. मग रोज सकाळी ती ओट्यावर बसून तुझ्या चुलीचा धूर बघायची. "आज कमळने उशिरा पेटवली. सासू कावली असणार." कधी दोन धूर दिसले की म्हणायची, पाहुणे आलेत. मला तर वाटायचं मढला माणसं राहतच नाहीत, नुसता धूर राहतो, आणि भरतीच्या वेळी सगळं गाव थोडं वर उचललं जातं आणि ओहोटीला परत खाली बसतं. कृणाल झाला तेव्हा आम्हाला इकडून कळावं म्हणून दाजींनी ताडावर चढून तुझं लाल लुगडं बांधलं होतं, आठवतं? आईने पाहिलं आणि बाबांनी तशीच बोट ढकलली, ओहोटी आहे हेही पाहिलं नाही, आणि अर्ध्या खाडीत चिखलात रुतून बसले. डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा. पाणी चढेपर्यंत त्यातले निम्मे बाबांनीच खाल्ले. बाळंतीण तू, आणि डिंक लागला बाबांना.

हल्ली तुमचं गाव तसंच तरंगतं बघ. सकाळी तर नुसता पांढुरका पडदा. विपुल म्हणतो, हवा स्वच्छ आहे. त्याला काय कळतंय, तो ऑफिसात एसीत बसतो. सगळ्या शहराचा धूर खाडीवर येतो.

तर तिथीला विपुलने सुट्टी घेतली, शेजारच्या किरणची छोटी बोट घेतली, आणि आम्ही निघालो. समुद्र असा होता की बोट पाण्यावर चाललीय की आभाळात हे सांगता येऊ नये. मी पुढे बसून खूण लावत होतो. बुरुज दिसला. ताड काही दिसला नाही, पण धूर होता म्हणून मी मनावर घेतलं नाही. (नंतर घेतलं. ते खाली येईल.) कळस मात्र झकास दिसत होता, वर सोन्यासारखं ऊन. मी म्हटलं, विपुल, कळस धर. तो म्हणाला, "बाबा, किनाऱ्याच्या फार जवळ येतोय आपण." मी म्हटलं, तुझ्या आईची जागा तुला माहीत की मला? मग त्याने सुकाणू वळवलं. कळस बुरुजाच्या बरोबर शेजारी आला तिथे मी इंजिन बंद करायला लावलं.

फुलं सोडली, चहा ओतला, आणि शकुला वर्षभराचं सांगायला बसलो. सगळंच सांगितलं, बाय. विपुल आणि कल्पिता यांचं गणपतीत वाजलं होतं ते, माझ्या पोटाचं, मला रात्री धाप लागते ते मुलांना सांगितलेलं नाही ते. (विपुल मागे बसला होता, त्यामुळे तेही आता सांगून झालं.) मग म्हटलं, तू गेल्यापासून खाडीकडे बघायची सवय लागली, पण हल्ली बघितलं तरी पलीकडचं येत नाही. इतक्यात किनाऱ्यावरून कर्ण्यातून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बोट हटाओ, फ्रेम में आ रहे हो."

विपुल हळूच म्हणाला, "बाबा, त्या देवळाला मागची बाजू नाहीये."

खरंच नव्हती. पुढून संगमरवरी पायऱ्या, नक्षी, घंटा, आणि मागे बांबू, प्लायवूड आणि दोरीवर वाळत घातलेले कुणाचेतरी बनियन. पायरीवर एक मुकुट घातलेला राजा मोबाईल बघत बसला होता. कर्णेवाला चांगला माणूस निघाला, पाण्यात घोट्यापर्यंत आला आणि समजावून सांगितलं की ही जुन्या काळातली मालिका आहे, आणि जुन्या काळात निळी फायबरची बोट आणि त्यात पिवळा कॅन चालत नाही. मी विचारलं, हे देऊळ गेल्या वर्षी होतं तिथेच आहे ना? तो म्हणाला, नाही काका, राणीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून पावसाळ्यानंतर त्या टोकाहून या टोकाला आणलं. शांतपणे म्हणाला हं, जसं काही खुर्ची सरकवली. मग माझा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, दोन जेवणाचे डबे आणून दिले. उघडले तर पनीर. मला, समुद्रावर, पनीर.

विपुल घरी येईपर्यंत हसत होता. मला हसू आलं नाही. मला काळजी ही, की मी जिथे बोललो तिथे कोण आहे? आपल्याच लोकांपैकी कुणाची तरी जागा असेल, इतकी माणसं दिलीत आपण या पाण्याला. मढचा एखादा म्हातारा शांत पडला असेल आणि त्याच्यावर गोड चहा ओतून मी त्याला माझ्या पोटाचं सांगितलं. आणि तिकडे शकु वाट बघत राहिली असेल. तिला वाट बघायला आवडायचं नाही हे तुला माहीत आहे. लग्नात मुहूर्ताला उशीर झाला तर अंतरपाटाआडून मला चिमटा काढला होता.

विपुल म्हणाला, पुढल्या वेळी मशीनवर जागा लावून ठेवू, बटण दाबलं की बोट तिथे. पण बाय, जागा सापडली तर लावणार ना? आता टेकडी नाही, देऊळ फिरतं आहे. उरला फक्त तुझा ताड. ताड आणि बुरुज एका रेघेत आले, की त्या रेघेवर वर-खाली हिंडून मी तिला शोधीन, पाणी ओळखतो मी तिथलं. पण ताडच दिसला नाही, आणि मला परवाच मासळी बाजारात कळलं की कृणाल घरावर मजला चढवतोय. तेव्हापासून घास उतरत नाही. (पनीर उतरलं होतं, ते आधीचं.)

असो. मजल्याबद्दल अभिनंदन. लहानांना आशीर्वाद. थंडीत तेल लावत जा. पत्रात जास्त-कमी लिहिलं असेल तर मोठ्या बहिणीच्या नात्याने पोटात घाल.

तुझा,
चंदर

ता. क. मजला चढव म्हणावं, पण ताडाला हात लावू नको. जिना ताडाला वळसा घालून नेता येतो. फिरंग्यांनीही तो ताड ठेवला होता, असं कृणालला सांग. (तेव्हा तो नव्हता, पण कृणालला कुठे माहीत आहे.)

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी कल्पिताने पत्र वाचलं, सूनबाईंना सगळं वाचावं लागतं. वाचून पत्र बाजूला ठेवलं. मग मला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि म्हणाली, "बाबा, ताड उभा आहे. तो काय समोर. मला त्याच्यावरचा कावळासुद्धा दिसतोय." मी बघितलं. मला नुसतं दूध दिसलं. म्हणजे धूर नाही तर, बाय. डॉक्टर गेली दोन वर्षं मोतीबिंदू म्हणतोय ते बहुतेक खरं असावं. पेनही चांगलं आहे.

ता. क. तिसरा, आणि खरं तर एवढ्याचसाठी पत्र लिहायला हवं होतं. येत्या गुरुवारी डोळा करायचं ठरलंय. मला भीती वाटते. सुरीची नाही. आता सगळं धूसर आहे तर समोर धूर दिसतो, चूल दिसते, कधी आई ओट्यावर दिसते, शकु कुठेतरी तिकडेच आहे असं वाटत राहतं. डोळा स्वच्छ झाला आणि तिथे नुसतंच पाणी दिसलं तर काय करायचं? म्हणून तू ये. माझ्याजवळ बस, बोलू नकोस, मालिका बघितलीस तरी चालेल. पट्टी सुटली की मी आधी खिडकीतून मढकडे बघणार आहे, आणि तिथे मला काहीतरी ओळखीचं दिसायला हवं. तेव्हा कृणालला ताडावर चढायला सांग. तू इकडे ये, पण तुझं लाल लुगडं तिकडे बांधून ये.