धुक्यातलं पिवळं कार्ड

सोमवार, २१ एप्रिल

प्रिय धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. डॉक्टर म्हणाले, आता सगळं स्वच्छ दिसेल. दिसतंय, आणि त्याचाच त्रास होतोय. तुझ्या बायकोने दिलेल्या तीन कुंड्यांपैकी दोन तग धरून आहेत. तिसरीला माझी बडबड मानवली नाही, असं तिला कळव. महिनाभर मी तुझे फोन घेतले नाहीत म्हणून रुसू नकोस. हल्ली फोनवर मला नीट ऐकू येत नाही.

टीव्हीवर मात्र चांगलं ऐकू येतं. काल तुझी मुलाखत पाहिली. कोट छान होता. बाकी सगळं लाज आणणारं होतं.

सलग सात सामने हरलेल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक कॅमेऱ्यासमोर बसतो आणि म्हणतो, "आमच्या कर्णधाराकडे मानसिक कणखरपणा नाही. सही करताना जो समोरचा कागद वाचत नाही, तो संकटात संघ काय सांभाळणार?" आणि सगळ्यांदेखत त्याच्या दंडावरची कर्णधारपदाची पट्टी काढून त्या आघाडीवर खेळणाऱ्या शहाण्याला देतो! त्याला, जो पास चुकला की दोन्ही हात वर करून सगळ्या स्टेडियमला सांगतो की चूक दुसऱ्याची आहे. पट्टी बांधायला निदान त्याचे हात खाली येतील, एवढाच काय तो फायदा.

मार्चमध्ये लीगने आपले तीन गुण कापले, हे तू मला सांगायची गरज नाही. डाव्या बचावपटूची चार पिवळी कार्डं झाली होती, त्याने तो सामना बाहेर बसायला हवं होतं आणि तो खेळला. खेळाडूंच्या यादीवर कर्णधाराची सही होती. मान्य. म्हणून लगेच त्याच्या मनाचा एक्स-रे काढायला तू कोण?

आणि ते तुझे मनोबलवाले! कुठून शोधून आणलेस? तिशीतले बाप्ये बर्फाच्या टबात बसून "मी डोंगर आहे, मी डोंगर आहे" म्हणून ओरडतात. परवा तीन डोंगरांना सर्दी झाली आणि सराव बुडाला. रुमाल वाटायला डॉक्टर आपलाच.

कणखरपणा कशाला म्हणतात ते मी तुला सांगते. आपल्या कर्णधाराला सगळे 'खांब' म्हणतात, ते काही नुसतं उंचीमुळे नाही. गुण कापले त्यानंतरच्या पराभवाची गोष्ट. बाहेर गाड्या लावतात तिथे दोनेकशे लोक जमले होते, संघाच्या बसला वाट देईनात. तू कुठे होतास? मागच्या फाटकापाशी, डोळे रस्त्याकडे. हा पठ्ठ्या पायात चपला, हातात बूट, असा एकटा पुढे गेला. पाऊण तास उभा होता. एकजण ओरडला, "तीन गुण कुठे घातलेस रे?" तो म्हणाला, "काका, खिशात असते तर आत्ता काढून दिले असते." लोक हसले. हसले तशी बस मागच्या बाजूने निघाली. मी क्लबच्या कार्यालयाच्या खिडकीतून सगळं पाहत होते. पडद्याआडून.

शनिवारी शेवटचा सामना. जिंकलो तर या विभागात राहू, नाहीतर खाली. त्याआधी त्याची पट्टी त्याला परत दे. ही विनंती नाही. लहानपणी तुझ्या शाळेच्या टायची गाठ मी बांधत असे, त्याच हक्काने सांगते आहे.

तुझी,
ताई


गुरुवार, २४ एप्रिल

प्रिय धाकट्यास,
आशीर्वाद.

ड्रायव्हरच्या हाती पाठवलेल्या तुझ्या चार ओळी मिळाल्या. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या पळाल्यासारखं. तू लिहितोस, "ताई, तू नेहमी त्याचीच बाजू घेतेस. मला एवढंच सांग, सही करण्याआधी त्याने ती यादी वाचली होती की नाही? वाचली असेल तर तो गाढव, नसेल तर बेजबाबदार."

वाचली होती. मला माहीत आहे, कारण यादी माझ्याच हातची होती आणि टेबलाच्या पलीकडे मी बसले होते.

दोन दिवस हे पत्र लिहायला घेते आणि उठून कुंड्यांना पाणी घालते. कुंड्या आता कुजतील. तेव्हा लिहून टाकते.

जानेवारीतला धुक्यातला सामना तुला आठवत असेल. एकसष्टाव्या मिनिटाला पंचांनी थांबवला, कारण त्यांना स्वतःचेच बूट दिसेनात. मग लीगने तो रद्द ठरवून पुन्हा पहिल्यापासून खेळवला. गोल गेले, मिनिटं गेली, सगळं वहीतून गेलं. त्या सामन्यात चाळिसाव्या मिनिटाला डाव्या बचावपटूला पिवळं कार्ड मिळालं होतं. माझ्या कार्डांच्या वहीत मी सामन्यावर काट मारली आणि त्याच रेघेत कार्डावरही मारली. सामनाच झाला नाही, तर कार्ड कसलं?

नियम उलटा आहे. सामना रद्द होतो, कार्ड रद्द होत नाही. नियमपुस्तक माझ्या डावीकडच्या कप्प्यात होतं. हात लांब करायचा होता फक्त. पण मला खात्री होती, आणि खात्री असली की मी हात लांब करत नाही. तुला माहीतच आहे.

आता पुढचं ऐक. मार्चमधल्या त्या सामन्याच्या सकाळी खांब यादीवर सही करायला आला. नेहमीसारखी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. डाव्या बचावपटूच्या नावावर थांबला. म्हणाला, "बाई, धुक्यातलं कार्ड धरलंत ना?"

मी काय म्हणाले माहीत आहे? शिपाई उभा होता, दोन खेळाडू दारात होते. त्यांच्यादेखत म्हणाले, "एकतीस वर्षं मी याद्या करते आहे. तू चेंडूकडे बघ, मोजणं माझ्यावर सोड."

दारातले दोघे फिदीफिदी हसले. तोही हसला. "बरं बाई," म्हणाला, माझंच पेन घेतलं आणि सही केली.

म्हणजे गाढव कोण आणि बेजबाबदार कोण, ते तूच ठरव. दोन्ही शब्द तू एकाच ओळीत लिहिलेस, बरं झालं, एकाच पत्त्यावर पोहोचले.

चौकशीच्या दिवशी त्या लांब टेबलाशी तूही होतास. लीगच्या माणसाने विचारलं, "यादी कोणी तपासली?" माझ्या मांडीवर ती वही होती. मी तोंड उघडणार एवढ्यात खांब बोलला, असं मी महिनाभर स्वतःला सांगत आले. खोटं आहे. मला भरपूर वेळ होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी पाहत होते. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, "यादी मी वाचली. सही माझी आहे. पुढे विचारा."

दोन दिवसांनी माझा निरोप समारंभ होता. म्हणून गप्प बसले. दुसरं काही कारण नाही, शोधूही नकोस. तू भाषणात म्हणालास, "एकतीस वर्षांत बाईंच्या हातून एक चूक झाली नाही." टाळ्या झाल्या. पहिली टाळी कोणाची होती, ते तू पाहिलं नाहीस. मी पाहिलं.

नंतर खांबाला जिन्यात गाठलं. विचारलं, "का रे बाबा?" हातात माझाच पुष्पगुच्छ धरून उभा होता, मला जड होईल म्हणून. म्हणाला, "बाई, मी शनिवारी पुन्हा मैदानात उतरेन, काहीतरी भरून काढेन. तुम्ही आज घरी जाणार. तुम्हाला कुठे पुढचा सामना आहे?"

तेव्हापासून तुझे फोन घेत नाही. कान ठणठणीत आहेत.

आणि हो, त्या पडद्याआडच्या पाऊण तासात मी खाली उतरू शकत होते. कपाटाची किल्ली परत करायला त्या दिवशी मुद्दाम आले होते, खरं तर सांगून टाकायलाच आले होते. बावीस पायऱ्या आहेत. उतरले नाही. तुझे ते मनोबलवाले माझ्याकडे पाठव, काम आहे त्यांना.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत मदरांचा एक नियम होता. शाई सांडली, काच फुटली, की वर्गात कोणी विचारण्याआधी आपण उभं राहायचं आणि आपलं नाव सांगायचं. विचारल्यावर सांगितलं तर शिक्षा दुप्पट. सात वर्षांची असताना मी तीनदा उभी राहिले होते. बासष्टाव्या वर्षी बसून राहिले. मदर आज असत्या तर कान धरून उठवलं असतं, आणि मी नियम सांगून वाद घातला असता.

असो. रडगाणं पुरे, मला ते जमत नाही. काय केलं आहे ते कळवते.

लीगच्या कार्यालयाला आज सकाळी रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. त्यात वहीच्या पानाची प्रत आहे, काट मारलेल्या रेघेसकट. दुसरी प्रत आपल्या अध्यक्षांना. गुण परत मिळणार नाहीत, मी मागितलेलेही नाहीत. पुष्पगुच्छ वाळला, पण निरोपाला मिळालेलं ते चांदीचं घड्याळ क्लबला परत पाठवलं आहे. त्यावर कोरलेलं 'एकही चूक नाही' हे वाक्य आता खरं नाही.

शनिवारी अकरा वाजता संघाची बैठक असते. मी येते आहे. फाटकावर निरोप ठेवायची तसदी घेऊ नकोस. तिथल्या पहारेकऱ्याचं ओळखपत्र मी केलं होतं, फोटोसाठी केसही मीच विंचरले होते, तो मला अडवणार नाही. सगळ्या खेळाडूंसमोर, त्या हात वर करणाऱ्यासमोर, तुझ्या डोंगरांसमोर, मी उभी राहीन आणि माझं नाव सांगेन. हसायचं त्यांनी हसावं. दारातले ते दोघे तर हसलेच पाहिजेत, त्यांचा हक्क आहे.

मग तू उठायचंस. टीव्हीवर जे बोललास ते परत घ्यायचंस, त्याच आवाजात, तोंडातल्या तोंडात पुटपुटून नव्हे. आणि पट्टी स्वतःच्या हाताने त्याच्या दंडावर चढवायचीस. तुझा अपमान होईल असं वाटत असेल तर होईल. माझा तुझ्याआधी झालेला असेल, माझ्या मागे उभा राहा. जिंकू की नाही, मला माहीत नाही. खाली जायचं असेल तर जाऊ, पण चुकीच्या माणसावर दोष टाकून जायचं नाही.

आणखी एक. शनिवारच्या सामन्यासाठी डाव्या बचावपटूची कार्डं मी मोजली. तो खेळू शकतो. दोनदा मोजली, नियमपुस्तक उघडं ठेवून. तरी खांबाला पुन्हा मोजायला सांग, आणि त्याने काही विचारलं तर नीट उत्तर दे.

तुम्हाला कुठे पुढचा सामना आहे, असं त्याने विचारलं होतं. आहे. शनिवारी, अकरा वाजता.

हे सगळं एकेक ओळ वाचून मगच सही करणारी,
तुझी ताई