महावज्राच्या एक्केचाळीस शक्ती

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. वाचायला कुणालाही द्यायची नाही. लायकीचं कुणी नाही.

महावज्र पूर्ण झाला. उंची सहा फूट चार. शक्ती एक्केचाळीस. सुपरहिरोला एक तरी कमजोरी असावी लागते म्हणून तीही दिली: अतिविनम्रता.

त्याच्याभोवतीची मोहीमही तयार. बावन्न शनिवार पुरेल. खलनायक प्रलयंकर एक यंत्र बांधतो, त्याने अख्खं वज्रनगर गोठणार. आठव्या महिन्यात महावज्र भिंत फोडून प्रकट होतो. तोवर खेळाडूंनी फक्त हरायचं.

बायकोला खेळ समजावून सांगितला. टेबलाभोवती बसायचं. मी सूत्रधार, गोष्ट मी सांगणार. बाकीच्यांनी एकेक सुपरहिरो चालवायचा, काही करायचं असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं. ती म्हणाली, म्हणजे तू बोलणार आणि बाकीचे ऐकणार? मग वाचनालयाची खोली कशाला हवी, घरी चालूच आहे की.

कल्पनाशक्ती ही देणगी असते. घरटी एकालाच मिळते.

३ फेब्रुवारी, सोमवार. ऑफिसात
तक्रारींचा फोन सकाळपासून खणखणतोय. बारा मजली इमारतीतली लिफ्ट म्हणे सातव्यापर्यंत जाते आणि परत येते. येणारच. कायमची वर राहून कसं चालेल? नोंद केली. दोन फोनांच्या मध्ये प्रलयंकराचं बालपण लिहिलं. सहा पानं. स्वतःच गहिवरलो.

खेळाडू तीन मिळाले. एक, मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घातल्यामुळे समोरचा उत्तर देऊ शकतो हेच तो विसरलाय. दोन, त्याच्या दवाखान्याशेजारची फिजिओबाई. दिसेल त्याला पाठ सरळ ठेवायला सांगते. तीन, आमच्याच लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक. त्याला सगळे ग्रीस म्हणतात. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन 'बघतो साहेब'. घ्यायचा नव्हता, पण कोरम भरत नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी
पहिला खेळ. दुपारी चार, वाचनालयाची मागची खोली.

तिघांसाठी तीन सुपरहिरो आयते तयार नेले होते: ज्वालाक्ष, वायुवेगा, पाषाण. प्रत्येकाचं चौदा पानी चरित्र. तिघंही अनाथ, तिघांनाही लहानपणी महावज्राने वाचवलेलं. मेहुण्याने अर्धं पान वाचून जांभई दिली आणि म्हणाला, दाजी, आम्ही आमचे आम्हीच बनवतो ना.

आणि बनवले. देवा.

मेहुण्याचा कुलूपकाका. बंद असलेली कुठलीही गोष्ट उघडतो. तिजोरी, दार, लोणच्याची बरणी. संपली शक्ती.

फिजिओबाईची बसाहोबाई. ती 'बसा हो' म्हणाली की समोरचा कुणीही असो, बसतो.

ग्रीसने कागदावर दोन ओळी लिहिल्या, त्यात तीन चुका. ऐकूमामा. बिघडलेलं मशीन त्याला कुठे दुखतंय ते सांगतं. बाकी काही येत नाही. मी विचारलं, उडता तरी येतं का? म्हणाला, नाही साहेब, जिन्याने जातो.

सुपरहिरो. जिन्याने.

गाढवाला गुळाची चव काय. तरी परवानगी दिली. पहिल्याच लढाईत तिघं मरतील, मग चौदा पानं वाचतीलच.

१५ फेब्रुवारी, शनिवार
लिहायची इच्छा नाही, पण प्रामाणिकपणा हा माझा स्वभाव.

मोहीम चाळीस मिनिटांत संपली. बावन्न शनिवारांची.

कुलूपकाकाने प्रलयंकराच्या किल्ल्याचं मागचं दार उघडलं. (मागचं दार आहे हे मी नकाशात काढायलाच नको होतं.) बसाहोबाई म्हणाली, बसा हो. प्रलयंकर बसला. फासाच तसा पडला, मी काय करणार? मग ग्रीस त्या यंत्राजवळ गेला. म्हणजे ऐकूमामा गेला. म्हणाला, मी कान लावतो. फासा टाकला, वीस. आता यंत्र काय बोलतं ते मी सांगायचं होतं. माझ्या तीनशे पानांत यंत्राला संवादच नाही! मी म्हणालो, ते घरघरतं. ग्रीस म्हणाला, मग ते दमलंय साहेब. बांधल्यापासून कुणी तेलपाणी केलेलं नाही. त्याला कुणाला गोठवायचं नाहीये, त्याला बंद व्हायचंय.

फिजिओबाईने चक्क डोळे पुसले. धुळीची ॲलर्जी असावी, वाचनालय जुनं आहे.

मग त्याने ते बंद केलं.

मी आठ महिने न थांबता महावज्राला तिथेच प्रकट केलं. भिंत फोडली, प्रलयंकराला उद्देशून भाषण केलं, वीस मिनिटं. त्यातलं अर्धं मेहुणा फोनवर बोलायला बाहेर गेल्यामुळे वाया गेलं. फिजिओबाई म्हणाली, पण तो तर बसलाय, त्याला अजून कशाला बोलताय?

२२ फेब्रुवारी, शनिवार
नवा खलनायक: निर्गुडघा. नावातच उत्तर आहे. गुडघेच नाहीत, बसेल कसा?

फिजिओबाईने तासभर वाद घातला. गुडघे नसलेला माणूस उभा कसा राहील, चालेल कसा, तिने हाडांचं चित्रच काढलं. मी म्हणालो, सूत्रधाराचा शब्द अखेरचा. ती म्हणाली, मग आम्ही कशाला आहोत?

प्रश्न उद्धट, पण विचार करण्यासारखा. उत्तर: ऐकायला.

ऐकूमामाला सत्तावीस मजले चढायला लावले, लिफ्ट बंद ठेवून. ग्रीस म्हणाला, चालेल, प्रत्येक मजल्यावर थांबून लिफ्टशी बोलतो. बोलला. आठव्या मजल्यावर लिफ्टने त्याला सांगितलं की रोज सकाळी एक बाई आत येते, दार लागेपर्यंत हसते आणि मग तळमजल्यापर्यंत रडते. मेहुणा पुढे वाकून विचारायला लागला, कोण बाई? का रडते? निर्गुडघा वर गच्चीत ताटकळत उभा, त्याची कुणाला फिकीर नाही.

लिफ्टचा माणूस, त्याला लिफ्टच सुचणार. याला कल्पनाशक्ती म्हणत नाहीत, याला ड्यूटी म्हणतात.

४ मार्च, मंगळवार
निर्णय. या तिघांच्या कुवतीवर माझी कला टांगून ठेवणार नाही. खेळ छापणाऱ्या एका कंपनीला सगळं बाड पाठवलं. ३१२ पानं. शेवटी परिशिष्ट जोडलं: 'खेळाडू करतात त्या चुका'. त्यात कुलूपकाका, बसाहोबाई, ऐकूमामा आणि त्या लिफ्टची हकिकत. नमुन्यादाखल. लोकांना कळू दे, सूत्रधार काय काय सोसतो.

पोस्टातला माणूस म्हणाला, पुस्तकं आहेत का? मी म्हणालो, होतील.

१२ मार्च, बुधवार
उत्तर आलं! आठ दिवसांत! पाकीट उलट्या बाजूने फाडलं. (चहा जास्त झाला होता.)

मजकूर असा: बाड मोठं असल्याने पूर्ण वाचता आलेलं नाही. परिशिष्ट मात्र ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. ऐकूमामा फार आवडला. वेगवेगळ्या लोकांच्या चाळीस सुपरहिरोंचं पुस्तक काढतोय, त्यात तो निर्मात्याच्या नावासह घ्यायची इच्छा आहे. त्या निर्मात्याला कृपया एकतीस मार्चच्या आत आम्हाला लिहायला सांगावं.

महावज्राचा उल्लेख नाही. पान क्रमांक दोनपासून तो आहे! त्यांनी दोन पानंसुद्धा वाचली नाहीत.

पत्र फायलीत ठेवलं. ग्रीसला लगेच सांगणं योग्य नाही. त्याचं काम जोखमीचं, शाफ्टमध्ये लोंबकळताना हे डोक्यात आलं तर? त्याच्या सुरक्षिततेचा विचार मलाच करायला हवा.

१५ मार्च, शनिवार
मेहुण्याचा फोन: अचानक दाढ आली एक. फिजिओबाईचा निरोप: कुणाची तरी मान आखडलीय. ग्रीस: साहेब, लिफ्ट अडकलीय एका ठिकाणी, बघतो. बायकोही घरी नाही. आजपासून दर शनिवारी ती फिजिओबाईकडे पाठीच्या व्यायामाला जाणार म्हणे.

वाचनालयाच्या खोलीत एकटाच बसलो. निर्गुडघ्याचे संवाद मोठ्याने म्हणून पाहिले. खोलीत आवाज छान घुमतो.

१७ मार्च, सोमवार
उपाय सुचला. मशीनचं ऐकणं ही कल्पना मुळात कच्ची आहे, तिला घडवणारा हात हवा. महावज्राला बेचाळिसावी शक्ती दिली: यंत्रसंवाद. स्वच्छ अक्षरात अकरा पानं लिहून कंपनीला पाठवली, माझ्या नावाने. ही चोरी नव्हे. दगड कुणाचाही असेल, मूर्ती घडवणाऱ्याचीच.

ग्रीस दुपारी टेबलाशी आला, कामाचे कागद ठेवून उभा राहिला. म्हणाला, साहेब, शनिवारी जमलं नाही, वाईट वाटलं. मी म्हणालो, काम आधी. नजर मिळवली नाही. त्याच्याकडे बघत बसायला मला वेळ नव्हता.

२४ मार्च, सोमवार. ऑफिसात
परवाही तिघं आले नाहीत. तीच दाढ, तीच मान, तीच लिफ्ट.

पण मी तक्रारखात्यात एकोणीस वर्षं काढली आहेत. रजिस्टर उघडलं. पंधरा मार्च, दुपारी चार: एकही तक्रार नाही. बावीस मार्च: एकही नाही. या शहरातल्या सगळ्या लिफ्ट दोन्ही शनिवारी व्यवस्थित वरखाली करत होत्या.

म्हणजे ग्रीस माझ्याशी खोटं बोलला. माझ्याशी! माणसं इतकी खालच्या थराला कशी जातात?

२६ मार्च, बुधवार
कंपनीचं दुसरं पत्र. चार ओळी. अकरा पानांबद्दल आभार, पण यात तो जुना ऐकूमामा राहिला नाही. तुमचा नायक मशीनचं ऐकत नाही, मशीनला भाषण देतो. मूळ निर्मात्याला कळवलंत का? एकतीस तारीख जवळ आली आहे.

उर्मटपणाची कमाल. भाषण उत्तम होतं.

२९ मार्च, शनिवार. रात्री आठ
क्रमाने लिहितो.

चार वाजता फिजिओबाईच्या दवाखान्यात गेलो. गुन्हेगारांना रंगेहाथ पकडायचं होतं. फायलीतलं पत्र खिशात का घेतलं, आठवत नाही.

दार लोटलेलं होतं. आत व्यायामाच्या गाद्यांवर सगळे मांडी घालून बसलेले. मेहुणा, फिजिओबाई आणि माझी बायको. पाठीचे व्यायाम! तिचीही सुपरहिरो होती. समोरचा काय बोलणार ते तिला आधीच कळतं. ही शक्ती तिला कुठून मिळाली असं मेहुण्याने विचारलं, तर म्हणाली, लग्नात.

गोष्ट ग्रीस सांगत होता. तो! हळूहळू, थांबून थांबून, नखांत काळं घेऊन. आठव्या मजल्यावरच्या त्या बाईची गोष्ट. मध्येच विचारायचा, तुम्ही काय करता? आणि खरंच ऐकायचा. आयत्या बिळावर नागोबा. त्याच्या चुका टिपून घ्यायच्या म्हणून मी बाहेर उभा राहिलो. चाळीस मिनिटं उभा होतो. वहीत एकही चूक टिपलेली नाही. पेन चालत नसावं.

ती बाई का रडत होती ते सांगायची वेळ आली आणि ग्रीसने आवाज इतका खाली नेला की मला ऐकूच येईना. मी पुढे झालो. दार उघडलं.

मेहुणा म्हणाला, दाजी, अहो, आम्ही सांगणारच होतो. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ग्रीससमोर पत्र धरलं आणि म्हणालो, तुझं आहे, द्यायला आलो होतो.

त्याने दोनदा वाचलं, बोट फिरवत. दुसऱ्यांदा वाचताना बोट वरच्या तारखेवर थांबलं. बारा मार्चच्याही आधीची तारीख. मान वर न करता म्हणाला, साहेब, आजच आलं का हे?

मी म्हणालो, पोस्टाचं काही खरं नाही हल्ली.

मी हेच बोलणार हे बायकोला आधीच कळलेलं दिसलं. तिने खाली बघितलं. ग्रीस मात्र पत्राची घडी घालत म्हणाला, आणलंत हे बरं केलंत. अजून दोन दिवस आहेत.

मग फिजिओबाई माझ्याकडे वळून म्हणाली, बसा हो.

बसलो. पाय दुखत होते म्हणून.

३१ मार्च, सोमवार
ग्रीसने कंपनीला काय लिहायचं म्हणून विचारलं. मी चार पानी मसुदा सुचवला. त्याने पोस्टकार्डावर लिहिलं: ऐकूमामा माझा आहे. घ्या. खाली सही.

शैली नाही. पोस्टात मात्र वेळेवर पडलं.

५ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी
आज मी खेळाडू म्हणून गेलो. महावज्राची कागदपत्रं सोबत नेली होती. ग्रीस म्हणाला, साहेब, एकच शक्ती ठेवायचा नियम आहे आपला. बेचाळीसमधून एक! मेहुणा म्हणाला, दाजी, आज नुसता माणूस घ्या, शक्तीचं मागाहून बघू. बाकीच्यांचा खोळंबा नको म्हणून मोठ्या मनाने मान्य केलं.

ग्रीसने सुरुवात केली. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकलीय. आत अंधार. तुम्ही आहात आणि एक बाई आहे. ती रडतेय. काय करता?

मी म्हणालो, तिला धीर देतो. उभा राहून सांगितलं की घाबरण्याचं कारण नाही, परिस्थिती नियंत्रणात आहे, अंधार ही केवळ मनाची अवस्था आहे वगैरे. फासा टाकला. एक. बाई जोरात रडायला लागली. मी आणखी मुद्देसूद सांगितलं. दोन. तिला धाप लागली.

मग मला काही सुचेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मी काहीच करत नाही.

ग्रीस म्हणाला, टाका फासा. काही न करण्यावर फासा कशाला? पण टाकला. वीस. मेहुण्याने गादीवर थाप मारली.

ग्रीस म्हणाला, हळूहळू तिचं रडणं थांबतं. ती अंधारात म्हणते, मी कधीपासून कुणाला तरी सांगणार होते. आणि सांगायला लागते.

तिने बरंच सांगितलं. वीस मिनिटं. मी मध्ये एकदाही बोललो नाही. तीनदा तोंड उघडलं होतं, तिन्ही वेळा बायकोने आधीच हात वर केला.

घरी आल्यावर महावज्राच्या यादीखाली त्रेचाळिसावा आकडा घातला. या शक्तीला नाव सुचत नाही. बायकोला म्हणालो, उद्या सकाळी सविस्तर चर्चा करू. ती म्हणाली, राहू दे.