एकशे ब्याऐंशीवा दिवस

१ मार्च २०२६, रविवार

गार्गीचं लग्न पक्कं! २९ मार्च, मलकापूर. आणि घरात सुतक पडल्यासारखी शांतता. कारण आमच्याकडे हल्ली पंचांग चालत नाही, आयकराचा कायदा चालतो.

मुलगा चिन्मय दुबईच्या कंपनीत शेअर बाजाराचं काम करतो. कंपनीची मुभा आहे, कुठूनही करा. म्हणून साहेब वर्षात सहा खेपा मेहकरला येतात आणि संध्याकाळी सातला माडीवर लॅपटॉप उघडून अमेरिकेचा बाजार सांभाळतात. दुबईत पगारावर कर नाही. पण एका आर्थिक वर्षात इथे एकशे ब्याऐंशी दिवस भरले की आपलं सरकार म्हणतं, या, तुम्ही तर आमचेच! मग त्या पगारावरही इथे कर. बावीस लाख.

"पंचवीस तारखेले निघा लागीन बाबा. एक एप्रिलले नवीन वर्ष लागते, मंग वापस येतो."

"अन् कानपिळी कोन करीन? तुवा लॅपटॉप?" गार्गी म्हणाली आणि उठून गेली. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा सख्खा भाऊ लागतो. तिला एकच आहे.

३ मार्च

व्याह्यांना फोन केला. अर्जुनराव, मलकापूरचे कापसाचे व्यापारी. म्हटलं, तारीख एप्रिलात नेता येईल का?

"काऊन? गुरुजीनं सांगतलं का?"

नाही म्हटलं, सीएनं.

मग म्हणाले, "सुधाकरराव, हॉल, घोडी, आचारी, सगळ्याइले बयाना देल्ला. तुमच्या सीएले म्हना, तूही जेवाले ये."

५ मार्च

दिवसांचं रजिस्टर माझ्याकडे आहे. तहसील कचेरीत एकतीस वर्षं हजेरीपट सांभाळला, एका खाडाखोडीचा मेमो नाही! तीच शिस्त इथे. चिन्मय संध्याकाळी उतरला — अर्धा दिवस. दुपारच्या विमानानं गेला — अर्धा दिवस. न्याय म्हणजे न्याय. २५ मार्चला बरोबर एकशे एक्क्याऐंशी भरतात. एक दिवस वाया नाही!

चिन्मय म्हणाला, "बाबा, तुम्ही दुबईत असते तं लाखात खेळले असते." प्रतिमा भाजी निवडता निवडता म्हणाली, "इथं कोनते कमी खेळून राह्यले." बायकोला हिशेबातलं काही कळत नाही.

१० मार्च

बाजार पडला. चिन्मय जेवला नाही. कुणाचे पैसे, विचारलं. म्हणे अमेरिकेतल्या मास्तरांच्या पेन्शनचे. माझ्या पेन्शनसाठी आजवर कुणी उपाशी राहिल्याचं ऐकिवात नाही.

१७ मार्च

चिन्मय म्हणत होता, "पाडव्याच्या आधीच निघतो बाबा. चार दिवस हातचे राहू द्या." मला राग आला. म्हटलं, माझ्या रजिस्टरवर भरवसा नाही? थांबला बिचारा.

२१ मार्च, शनिवार

काय लिहू.

सीए अविनाशचा फोन आला. कागदपत्रांसाठी त्याला रजिस्टरचा फोटो पाठवला होता.

"काका, हे अर्धे-अर्धे काय हाय?"

मी समजावून सांगितलं.

"काका, कायद्यात अर्धा दिवस नसते. आला तो पूर्ण, गेला तोही पूर्ण."

सगळ्या खेपांचे अर्धे पूर्ण करून पुन्हा मोजले. तीनदा मोजले. आजच्या तारखेला एकशे त्र्याऐंशी! म्हणजे एकशे ब्याऐंशी काल भरले. पाडव्याआधी निघाला असता तर वाचला असता. त्याला थांबवलं कुणी? मी.

"चिन्मयले मी सांगू का, काका?"

नको म्हटलं, मीच सांगतो.

आणि मग लक्षात आलं — कर तर लागलाच. आता जायची गरजच उरली नाही! थांबला तरी बावीस लाख, गेला तरी बावीस लाख. मी एवढं एक वाक्य बोललो की गार्गीचा भाऊ मांडवात उभा राहतो.

२२ मार्च

सांगितलं नाही. पाहुणे होते.

२३ मार्च

सांगणारच होतो. जिन्यापर्यंत गेलो. वर चिन्मय फोनवर अर्जुनरावांना सांगत होता, "आमच्या बाबांचा हिशेब म्हंजे पत्थर की लकीर." खाली उतरलो आणि पाणी प्यायलो.

२४ मार्च

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे लाल शाई मारली. पाच मिनिटांच्या उशिरासाठी शिपाई जानरावाला रडवलं होतं. आणि स्वतःची चूक कबूल करायला तोंड उघडत नाही! भित्रा आहे मी. हे लिहायला काही वाटत नाही. वहीला कुठे कान आहेत.

पुतण्या रामला कानपिळीचं शिकवणं सुरू आहे. गार्गी बघायला आली नाही. प्रतिमा म्हणाली, "तुम्ही काऊन असे करून राह्यले? तब्येत बरी हाय ना?" हो म्हटलं.

२५ मार्च

गेला. बॅग गाडीत मीच ठेवली. गार्गी खोलीतून बाहेर आली नाही. तिच्या दारासमोर तो दोन मिनिटं उभा राहिला, मग बूट घातले. गाडी समृद्धीच्या रस्त्याला वळेपर्यंत मी फाटकात होतो. तोंड तेव्हाही बंदच.

२९ मार्च, मलकापूर

राम कान पिळायला उठला. मागून कुणीतरी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. चिन्मय! पहाटेच्या विमानानं आला. गार्गी मुंडावळ्यांसकट त्याच्या गळ्यात पडली. "लागू दे कर," तो म्हणाला, "बावीस लाख गेले तं गेले. बहीन एकच हाय." सगळा हॉल रडला. अर्जुनरावांनी माइकवरून त्याच्या त्यागाचं वर्णन केलं आणि अशा पोराचा बाप म्हणून मला फेटा बांधला.

मग तो माझ्या पाया पडला. "बाबा, तुमचा हिशेब बिघडोला मी. माफ करा."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला माफ केलं.