षड्ज हलतो तेव्हा

प्रिय स्वानंदी,

फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत इंग्रजीवर जातं आणि इंग्रजीत नेहमी तूच जिंकतेस, म्हणून कागद घेतला. लहानपणी दर रविवारी तुला रडत-ओरडत मराठी शाळेत नेत होते, ते आज कामी येऊ दे. सावकाश वाच. अडलं तर बाबांना विचारू नकोस, त्यांना या पत्राचा पत्ता नाही.

येत्या रविवारी तू बाप्तिस्मा घेणार आहेस. हे वाक्य लिहून बघितलं. तोंडाने उच्चारायला अजून जमलेलं नाही. तू विचारलंस, "आई, विल यू कम?" आणि मी म्हणाले, कुकर लावलाय, नंतर बोलू. कुकर वगैरे काही लावला नव्हता. फोन ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले, आणि नंतर आपलं बोलणं झालंच नाही.

बाबा बरे आहेत, म्हणजे काही बोलत नाहीत. "तिचं आयुष्य आहे, सुनेत्रा," एवढं म्हणून गॅरेजमध्ये जातात आणि तिथे तासन् तास काय आवरतात कोण जाणे, गॅरेज होतं तसंच आहे. बेसमेंटमधला माझा क्लास चालू आहे. रुही नावाची एक नवी मुलगी येते, थेट सॉकरच्या मैदानावरून, गुडघ्यांना माती लागलेली. पण आवाज असा की पहिल्या दिवशी मी पेटीवरचा हातच काढून घेतला. परवा तिने विचारलं, "आंटी, पण सा का हलत नाही? व्हॉट इफ इट वॉन्ट्स टू?" तुला जे सांगायचे तेच तिला सांगितलं, की षड्ज म्हणजे आपलं घर, बाकीचे सूर हिंडून-फिरून तिथेच येतात, घर कधी हलतं का. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटलं, कारण डोळ्यांसमोर तुझं चर्च होतं.

डिसेंबरात तुझं सोलो होतं म्हणून मी आले होते. कांजीवरम नेसून, अटलांटाच्या त्या टोकाला, सगळ्या मोठमोठ्या हॅट घातलेल्या बायकांच्या मधोमध. गाणं सुरू झालं तशी मीही टाळी धरली. धरणारच, आयुष्य तालात गेलंय. पण आपली टाळी पहिल्या मात्रेवर, समेवर. त्यांची दुसरीवर आणि चौथीवर. सगळ्या सभागृहात माझी एकटीची टाळी वेगळी वाजत होती आणि मला वाटत होतं की हेच सगळे चुकताहेत! शेवटी शेजारच्या बाईंनी हसत माझं मनगट धरलं, एक मात्रा थांबवलं आणि सोडून दिलं. त्यांनी प्रेमानेच केलं ते. पण मला इतका अपमान वाटला की मी हात मांडीवर ठेवले ते पुन्हा उचलले नाहीत.

मग तू उभी राहिलीस. पेटीच्या पांढरी चार पट्टीत सुरुवात केलीस, चांगली केलीस. आपल्याकडे एक ओळ घेऊन अर्धा तास तिच्यात राहायचं, शब्द विरघळले तरी चालतात. तिथे शब्दच सगळं. तू ओळ म्हणायचीस आणि मागचे चाळीसजण ती तुझ्या ओंजळीत परत टाकायचे. आणि मग त्या ऑर्गनवाल्याने पट्टी वर नेली. काळी तीन. पुन्हा वर, पांढरी पाच. षड्ज हलवला, स्वानंदी! मी समोरचा बाक घट्ट धरला. या देशात आलो तेव्हा आमचं सगळं हललं होतं, भाषा, खाणं, सणवार. एक षड्ज तेवढा मी हलू दिला नव्हता. आणि तू त्या सगळ्यांबरोबर वर वर जात होतीस आणि काहीही कोसळत नव्हतं.

पार्किंगमध्ये मी म्हणाले, हे गाणं नाही, आरडाओरडा आहे. तू म्हणालीस, "तिथे गाताना मला कुणी चेक करत नाही, आई." माझं मत फारसं बदललेलं नाही हे आधीच सांगते. त्या ड्रमवाल्याला लय हळूही असू शकते हे कुणीतरी सांगायला हवं. पण तुझं ते वाक्य तेव्हापासून माझ्या मागे लागलंय.

सगळ्यांना मी सांगते की मला धर्माचं वाईट वाटतंय. पुण्याला काय कळवायचं, इथल्या मराठी मंडळात काय तोंड दाखवायचं. तेही वाटतं, नाही असं नाही. पण खरं दुःख वेगळंच आहे. मी रोज पहाटे तानपुरा लावते. मुलांना सांगते, सुरात देव असतो. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला सांगितलं होतं, मी पुढे सांगितलं. मला तो भेटलेला नाही गं. एकदाही नाही. तान जमल्याचा आनंद मला माहीत आहे, लोकांनी मान डोलावली की होतो तोही माहीत आहे. त्यापलीकडचं सगळं मी ऐकीव शिकवत आले. आणि त्या दिवशी तुझे डोळे मिटलेले होते, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, वरचा सूर चक्क चढा लागला होता, आणि तुला त्याचं काहीसुद्धा नव्हतं. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं त्याचीच मी इतकी वर्षं वाट बघत बसलेय. माझ्या मुलीला ते मिळालं, आणि माझ्याकडे नाही मिळालं, परक्या घरी मिळालं. मला तुझा हेवा वाटतो. हे कुठल्या देवाला सांगायचं तेही मला कळत नाही, म्हणून तुलाच सांगते.

काल मी तुमच्या चर्चच्या ऑफिसमध्ये फोन केला. आवाज बदलून नुसती वेळ विचारणार होते. तिथल्या बाईंनी आपणहून सगळं सांगितलं, की पांढरा झगा घालून पाण्यात पूर्ण बुडवतात आणि वर आल्यावर पायरीपाशी घरचं कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असतं. मग म्हणाल्या, स्वानंदीच्या घरचं कुणी येणार नाहीये, तिनेच सांगितलंय, तेव्हा आमच्यातलीच एखादी उभी राहील. मी तुझी आई आहे हे त्यांना सांगितलं नाही. तुला सांगायचं म्हणून हे पत्र लिहितेय. त्या जागेवर कुणाला उभं करू नका म्हणावं. मी येतेय. संमती घेऊन येत नाहीये, ती माझ्यापाशी अजून नाही आणि कधी येईल तेही ठाऊक नाही. टॉवेल घेऊन येते. मोठा आणते, तुझे केस लांब आहेत, ओल्या डोक्याने गायला उभी राहिलीस तर घसा धरेल.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
आई