मुक्कामाची गाडी

९ नोव्हेंबर
घरगाडी आज रफीकभाईंच्या गॅरेजातून घरी आली. गल्लीत वळेना. समोरच्यांची स्कूटर हलवली, पलीकडच्या काकूंची पापड वाळवायची खाट उचलली, मग ह्यांनी एका दमात आत घातली. चौतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. शाळेची जुनी मिनीबस म्हणजे ह्यांच्या हातात खेळणं.

पिवळी होती, आता पांढरी. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, मागे एवढीशी मोरी. पडदे माझ्या हातचे. शिवणक्लासात इतक्या पोरींना मापं घ्यायला शिकवलं, पण या खिडक्यांनी मला रडवलं. एकीचं माप दुसरीला नाही. चार वेळा उसवले.

कागद आधी, पत्रा नंतर, हा रफीकभाईंचा हट्ट बरा होता. आरसी बुकात बदलाची नोंद झाली, विमाही तसाच करून घेतला. नाहीतर रस्त्यात पोलिसाला काय सांगणार, घर घेऊन निघालोय म्हणून?

मला या गाडीकडून एकच हवंय. एक मुक्काम. संध्याकाळी गावात जायची, तिथेच झोपायची आणि पहाटे पहिली म्हणून सुटायची, अशा गाड्यांवर ह्यांची ड्यूटी आठवड्यातून तीनदा तरी असायची. मी इकडे दाराला दोन कड्या लावून एकटी. बाहेर झोपणं काय असतं ते मला बघायचंय. ह्यांना तसं स्पष्ट सांगितलंय. "हं" म्हणाले.

१२ नोव्हें.
ट्रायल. मोहोळपर्यंत जाऊन परत.
मी बसले, दार लावलं, म्हटलं चला. गाडी हलेना. इंजिन चालू, गिअर टाकलेला, हे समोर बघतायत. पुन्हा म्हटलं चला. नाहीच. मग लक्षात आलं. चमच्यानं ताटावर दोनदा वाजवलं, ठण ठण. लगेच निघाले. स्वतःचं स्वतःलाच हसू आलं त्यांना, पण कंडक्टरच्या डबल बेलशिवाय पाय क्लचवरून निघत नाही म्हणतात.

मोहोळच्या अलीकडे गतिरोधक. शेंगाचटणीची बरणी फडताळातून उडाली ती थेट पलंगावर. गादीला वास. काच फुटली ती वेगळीच.
ल. ठे. (लक्षात ठेवणे): काच न्यायची नाही. स्टीलचे डबे, फिरकीचं झाकण, खाली रबरी चटई. फडताळाला बाहेरून कडी. किल्ली फिरवायच्या आधी गॅसचा कॉक बंद, हे रोज, दोघांनीही बघायचं.
दुपारी चार वाजता परत. कशाला एवढ्या लवकर, तर म्हणे ट्रायल होती.

२० नोव्हें.
सकाळी गाडी सुरूच होईना. काल पूर्ण दुपार आत बसून मी पंखा लावून पडद्यांना लेस लावत होते. रफीकभाईंना फोन. आले, डोक्याला हात लावला. गाडीची बॅटरी वेगळी, घराची वेगळी, मधलं बटण मी चालूच ठेवलेलं, त्यामुळे घरानं गाडीचं पण खाल्लं.
"भाभी, दो चुल्हे अलग रख्खो," म्हणाले, "सास-बहू के जैसे."
मग गल्लीतले सहा जण मागून धक्का मारायला. पापडवाल्या काकूसुद्धा. घराला धक्का मारताना लोक इतके हसतात हे माहीत नव्हतं. उताराला सुरू झाली.

३० नोव्हें.
कुर्डुवाडी. मस्त सहल. लिंबाखाली उभी केली, पिठलं-भाकरी तिथेच. पिठलं कढईत एका बाजूला गोळा होत होतं, दुसऱ्या बाजूला करपलं. गाडी तिरकी उभी होती. ल. ठे.: चूल पेटवायच्या आधी ताटात पाणी घालून ओट्यावर ठेवायचं. पाणी जिकडे पळेल तिकडच्या चाकाखाली लाकडी फळी. फळ्या दोन असू द्याव्यात. चाकामागे दगड.
सावली हवी तर वरचं सोलर उपाशी, सोलर हवं तर आपण भाजणार. सोलापूरच्या उन्हात दोन्ही एकदम मिळत नाही. यांनी तोडगा काढला: सकाळी उन्हात, जेवायला सावलीत.

मी म्हटलं आज राहू. स्टेशनजवळ भरपूर जागा, माणसांची वर्दळ, भीती नाही. हे म्हणाले, उद्या पाण्याचा दिवस आहे, घरी कुणी नको का? बरोबर आहे, चार दिवसांनी येतं. परत आलो. (१ तारखेला लिहितेय: नळ आज दुपारी आला.)

६ डिसें.
पाण्याचं मात्र सांगते. प्राचीनं (आमची लेक, पुण्याला असते) फोनवर इंटरनेटवरून वाचून दाखवलं की अशा गाडीत पाणी कसं जपून वापरावं. तांब्यानं आंघोळ, भांडी आधी पुसून मग धुवायची, तांदळाचं पाणी झाडाला. मी म्हटलं, अगं, हे तर सोलापूरची प्रत्येक बाई झोपेत करते. शंभर लिटरच्या टाकीत आम्ही दोघं तीन दिवस आरामात. पुण्याची माणसं तेवढ्यात तोंड धुतील.
टाकी डाव्या बाजूला, पाणी जड असतं, म्हणून बाकी वजनदार सगळं उजवीकडे. शिलाई मशीन नेऊ का विचारलं. रफीकभाई म्हणाले हात की चलेगी, पाय की नहीं.

१३ डिसें.
मंद्रूप. आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतंय.

जायचं होतं पुढे, नदीकडे. मंद्रूपमध्ये आठवडी बाजार. हे त्या रूटला किती वर्षं होते देव जाणे. बोलता बोलता गाडी सरळ स्टँडसमोर नेऊन उभी. सवयीनं दारही उघडलं, आणि सवयीनंच खाली उतरून चहाच्या टपरीकडे. मला म्हणाले, दहा मिनिटं.

दोन मिनिटांत गाडी भरली. आधी एक आजी, मेथीचं गाठोडं घेऊन. मग दोघी बाया, एक गृहस्थ पिशव्या घेऊन. पलंगावर ओळीनं बसले. मी काही म्हणेपर्यंत आजीनं आधार कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.
"मला फुकाट हाय. पंच्याहत्तर झाली की."
त्या बायांनी अर्धं तिकीट मागितलं. मी सांगितलं ही एसटी नाही, आमचं घर आहे. आजीनं गॅसकडे बघितलं, पडद्यांकडे बघितलं.
"ह्या एसटीत चूल बी हाय व्हय? सरकारनं लई केलं बाई."

हे चहा घेऊन आले, दारात थबकले. मला वाटलं आता उतरवतील. तर ह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. निवृत्तीच्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितला तसा. कुणीच उतरायला तयार नाही हे बघून हे जाऊन स्टिअरिंगवर बसले. मी ताट वाजवलं. नदी राहिली, सगळ्यांना सोलापूरला आणून सोडलं. वाटेत मी चहा केला, चालत्या गाडीत नाही, रस्त्याकडेला थांबून. तिकीट कसलं घेणार? आजी मेथीची जुडी ठेवून गेल्या. रात्री मेथीचीच भाजी.

आणि हो, पुन्हा घरी. आज तरी मुक्काम चुकला तो माझ्याही हौसेनं चुकला, म्हणून बोलले नाही.

२४ डिसें.
लिंबाच्या फांदीनं वरच्या झरोक्याचं झाकण नेलं. हे एसटीच्या उंचीचा अंदाज धरून चालवतात, पण हिच्यावर सोलर आहे, झरोक्याची टोपी आहे. रफीकभाईंनी नवीन बसवलं आणि ड्रायव्हरच्या समोर रंगानं लिहून दिलं: दहा फूट. पुलाखाली शिरण्याआधी वाचायचं.
हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. मोरीच्या टाकीचं घाण पाणी जिथे तिथे ओतायचं नाही, आधी विचारायचं. हे मी सांगितलं नसतं तरी ह्यांनी पाळलंच असतं, शिस्तीचा माणूस आहे.

पण मुक्कामाचा विषय काढला की कारण तयार. आजवरची यादी: पाण्याचा दिवस. दूधवाल्याला सांगितलं नाही. मागच्या टायरचा भरवसा नाही. थंडी. परवा तर म्हणाले, घराला कुलूप बरं दिसत नाही. गाडी संध्याकाळी डेपोत लागलीच पाहिजे तशी आमच्या दारात लागते. मी चिडले आज. म्हटलं, मग हिला शाळेलाच परत देऊन टाका, तिथे तरी पोरं बसतील. जेवले नाहीत नीट. मीही नाही.

१६ जानेवारी
उद्या मंगळवेढ्याला. सविताचा, माझ्या क्लासच्या जुन्या पोरीचा, हुरड्याला या म्हणून चौथा फोन.
या वेळी मी एकेक वाट बुजवून टाकली आहे. पाणी आज येऊन गेलं, पिंप भरलं. दूध दोन दिवस बंद. किल्ली पापडवाल्या काकूंकडे. टायर रफीकभाईंनी बघून दिले. दोन गोधड्या. ह्यांनी सगळं फिरून बघितलं.

१७ जाने.
सविताच्या रानातून. खळ्याच्या कडक जागेवर उभे आहोत. तिचे मालक म्हणाले काळ्या रानात घालू नका, दिसतं वाळलेलं पण आत ओल धरून ठेवतं.
चौफेर ज्वारी, माणसाच्या वर. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं, गरम गरम चोळून, तीळकूट, गूळ. किती खाल्लं त्याचा हिशेब नाही. सविताच्या सासूबाईंनी गाडी आतून बघितली, पलंगावर बसून उसळून बघितलं, मग म्हणाल्या, "ऱ्हावा की आज. हितं कोण खातंय तुमास्नी?"

साडेचार वाजले आणि हे उठले. किल्ली हातात.
"चल की. उजेडात पोचू."
मी उठले नाही. कणीस चोळत बसले. म्हटलं, आज कारण सांगा, मग उठते. दूध नाही, पाणी नाही, टायर नाही.
हे गाडीच्या पायरीवर बसले. मी मुद्दाम बघत नव्हते.
"मला मुक्काम आवडत न्हाय."
डास का, विचारलं. झोपायला जागा नसायची म्हणून?
"तसं न्हाय. मुक्काम म्हंजे तू न्हाईस. चौतीस वर्सं त्येच की. ह्या टायमाला कुटं उभं ऱ्हायलं की गाडी घराकडं वळवावी वाटतंय अजून."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की हे गावोगाव चार ड्रायव्हर-कंडक्टर मिळून मजेत असतात, गप्पा, पत्ते, कुणाच्या तरी घरची गरम भाकरी. राग होता माझा. दर वेळी दुसरी कडी लावताना होता. कधी बोलले नाही, आणि यांनीही कधी विचारलं नाही.
"अहो, पण आता मी हाय की," म्हटलं. ह्यांच्याच बोलीत निघालं तोंडातून.
माझ्याकडे बघितलं. खरंच आहे का ते तपासल्यासारखं. मग किल्ली खिशात घातली, उठले, मागच्या चाकाला दगड लावला. फळी सारली. आत जाऊन ताटात पाणी घातलं आणि ओट्यावर ठेवून वाकून बघत बसले.
पाणी हललं नाही. मी सविताला सांगून आले, सकाळी चहा इकडेच करू.

१८ जाने.
झोप? हे अंथरुणाला पाठ लागताच घोरायला लागले. मीच जागी, आनंदानं. झरोक्यातून ज्वारीची सळसळ ऐकू येत होती. मध्येच ह्यांनी झोपेत हात लांब करून मी आहे का बघितलं, आणि परत घोरायला लागले.
सकाळी पाचला उठून टायर ठोकून बघत फिरले, मग चहा यांनी केला. घरात कधी केला नव्हता. साखर जास्त, पण मी दोन कप घेतले. सविताच्या सासूबाईंनी हुरड्याची पिशवी भरून दिली. गॅस बंद, फडताळाला कडी, पाणी पाऊण टाकी. निघालो.

आता फाट्यावर उभे आहोत. एकीकडे सोलापूर, दुसरीकडे सांगोला. हे कुणाला विचारून वळायचे नाहीत कधी, बोर्डावर जे लिहिलंय तिकडे. आज इंडिकेटर न देता थांबलेत आणि म्हणतायत, "कुटं? तू सांग."

मला कुणी असं कधी विचारलं नव्हतं. सांगोल्याच्या पुढे काय आहे मला माहीत नाही. प्राचीला फोन करायला हवा, काकूंकडे किल्ली आहे, दूध उद्यापासून सुरू होणार. इंजिन चालू आहे, मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय, हे स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघतायत. मी वहीत लिहितेय. थांबू दे त्याला जरा.